वळणावरचे दुखणे

काशीच्या जुन्या दक्षिणी वस्तीत, म्हणजे दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा आणि रामघाट यांच्या माथ्यावर एकमेकांना खेटून उभ्या राहिलेल्या त्या दगडी वाड्यांत, ज्याचे बालपण गेले त्याला घरच्या घरी मोटार दुरुस्त करणे ही काय चीज आहे हे कळण्याचे कारणच नव्हते. कारण त्या गल्ल्यांची रुंदी ज्या काळी ठरली त्या काळी वहिवाटीचा हक्क माणसाला, पालखीला आणि सांडाला एवढाच होता, आणि चौथ्या कोणाची तजवीज करून ठेवावी असे कोणाला वाटलेले नव्हते. त्यामुळे आमच्या लोकांत ज्याने मोटार घेतली त्याने आधी घर बदलले. कोणी महमूरगंजला गेले, कोणी सुंदरपूरला, आणि माझे अप्पामामा, ज्यांची सारी नोकरी रेल्वेच्या डिझेल इंजिन कारखान्यात गेली, ते कारखान्याच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर ककरमत्त्याला राहावयास गेले. मामांचे वडील वेदाचे घनपाठी होते. मामा फिटर झाले. या दोन गोष्टींत अंतर आहे असे वाड्यातील पुष्कळांना वाटले. मला ते कधीच तितकेसे पटले नाही, आणि ज्या प्रसंगाने ते मुळीच पटेनासे झाले तो सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्याकडे मारुतीची एक जुनी झेन होती. सरळ रस्त्याने ती निमूटपणे चाले; परंतु स्टिअरिंग पुरते फिरवून एखाद्या अरुंद जागी वळावयास लागले, आणि त्यातच जरा जोर दिला, की पुढच्या बाजूने ‘कट कट कट’ असा कोरडा, तालबद्ध आवाज येऊ लागे. चाक अधिक वळले की आवाज वाढे, सरळ झाले की बंद. काशीत पुरते वळावे लागणार नाही असा रस्ता कमीच. गोदौलियाकडून मैदागिनकडे जाणारा माणूस रिक्षा, ठेले, यात्रेकरू आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करीत बसलेली गाय यांना वळसे घालीत जातो, तेव्हा त्याचे पुढचे चाक सरळ असते ते केवळ अपवादाने. मामांनी आवाज ऐकला, पण त्यांनी बॉनेट उघडले नाही की गाडीखाली डोके घातले नाही. वसाहतीमागच्या मोकळ्या पटांगणात मला आधी डावीकडे आणि मग उजवीकडे गोल गोल फिरावयास सांगून ते मध्यभागी कानामागे तळहात धरून उभे राहिले. वेदपाठात शिष्याचा स्वर जिथे घसरला तिथे गुरूचे बोट आपोआप उचलले जाते, तसे त्यांचे बोट डाव्या फेरीच्या वेळी उजव्या चाकाकडे वळले. “डावीकडे वळताना अंगावर भार घेतो तो उजवा. बोलतोय तोच. बाहेरचा सांधा गेलाय,” असे त्यांनी सांगितले, आणि मग केवळ रुजुवात करावी एवढ्यासाठी आम्ही त्या चाकाच्या आत पाहिले. आतल्या अंगाला रबराचा जो घड्याघड्यांचा बुरखा असतो, ज्याला बाजारात नुसते ‘बूट’ म्हणतात, तो एका घडीवर फाटला होता आणि त्यातून उडालेल्या ग्रीसची काळी चक्राकार फवारणी रिमवर व बुडाच्या पत्र्यावर बसली होती. यापरता पुरावा कोणत्याही कचेरीने मागितला नसता.

पुढच्या चाकांनी गाडी ओढावी ही कल्पना कागदावर जितकी सरळ तितकी लोखंडात अवघड आहे. अ‍ॅम्बॅसडर आणि फिआट या दोन गाड्यांवर ज्या पिढीचे मोटारज्ञान पोसले गेले, तिच्या समजुतीप्रमाणे चाकांच्या राज्यात कामाची वाटणी स्पष्ट होती: पुढची दोन वळत आणि मागची दोन ढकलत. मागचे आस एका जाड पोलादी घरात सरळ रेषेत बसलेले असत, त्यांना वळणाशी काही कर्तव्य नसे, आणि म्हणून ते वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपालसिंग यांना पहिल्या मारुतीची किल्ली मिळाली, त्या दिवशी स्वस्त किंमत आणि जपानी तंत्र यांची चर्चा झाली असेल. पण गाडीच्या पोटात जो खरा बदल झाला होता तो हा, की वळणे आणि ओढणे ही दोन्ही कामे एकाच जोडीच्या खांद्यावर टाकली गेली होती. युरोपात हे नवे नव्हते. फ्रान्समध्ये सित्रोएनने 1934 सालीच अशी गाडी बाजारात आणली होती, आणि इंग्लंडात 1959 साली निघालेल्या मिनीने इंजिन आडवे बसवून या पद्धतीला घराघरात पोचविले. आपल्याकडील लहान मोटार मात्र मारुतीनंतरच पुढच्या पायांवर चालू लागली, आणि मिस्त्री लोकांना एका नव्या दुखण्याची ओळख झाली.

कोनात असलेल्या दोन दांड्यांतून फिरण्याची गती कशी न्यावी हा प्रश्न पुरातन आहे. त्याचे एक उत्तर सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या नावाने ओळखले जाते, आणि आपल्याकडे ट्रकखाली झोपून काम करणारा प्रत्येक इसम त्याला ‘क्रॉस’ म्हणून ओळखतो. हा क्रॉस मोठा काटक. परंतु त्याच्यात एक खोड आहे. दोन दांड्यांत 30 अंशांचा कोन असेल आणि एक दांडी दर मिनिटाला 100 फेऱ्यांच्या अगदी समान गतीने फिरत असेल, तर दुसऱ्या दांडीची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा 87 च्या आसपास उतरते आणि दोनदा 115 च्या वर चढते. ट्रकच्या लांब शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस लावून एकाचा दोष दुसऱ्याने फेडण्याची सोय असते. पण वळणाऱ्या चाकाशी कोन क्षणोक्षणी बदलतो, तिथे ही फेड होत नाही, आणि स्टिअरिंग धरणाऱ्याच्या हाताला प्रत्येक वळणावर झटके बसतात. यावर फोर्ड कंपनीतील आल्फ्रेड झेपा या इंजिनिअराने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जो सांधा सिद्ध केला, तोच थोड्याफार फरकाने माझ्या झेनच्या चाकात बसलेला होता. एक पोलादी वाटी, तिच्यात एक गोल गाभा, दोहोंमध्ये सहा वक्र खाचा, खाचांत सहा छर्रे, आणि छर्ऱ्यांना धरून ठेवणारे एक कडे. या रचनेतील सारी बुद्धी अशी, की चाक कसेही वळो, ते सहाही छर्रे दोन दांड्यांमधील कोनाच्या बरोबर मध्यावर असलेल्या प्रतलातच राहतात. दोन्ही बाजूंपासून समान अंतर राखल्यामुळे एकीकडची गती दुसरीकडे न कमी न जास्त अशी पोचते. मध्यस्थाने मध्यस्थी कशी करावी याचा याहून नेमका नमुना मी तरी कोठे पाहिलेला नाही.

मामांना मात्र या सांध्याबद्दल मनातून आदर नव्हता. डॉ. राजेंद्रप्रसादांनी 1956 साली ज्याची कोनशिला बसविली आणि ज्यातून जानेवारी 1964 मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले, त्या ‘डीरेका’त, म्हणजे 2020 पासूनच्या नव्या नावाने ‘बरेका’त, त्यांनी आस पाहिले ते निराळेच. रेल्वे इंजिनाचा आस म्हणजे एकसंध पोलादी दांडा. दोन्ही टोकांना चाके प्रचंड दाबाने त्याच्यावर कायमची बसविलेली. चाक फिरले की आसही फिरणार, डावे आणि उजवे यांत मतभेदाला जागा नाही. वळणाची जबाबदारी रुळाने घेतलेली असते, आणि चाकाच्या कडेला दिलेला किंचित उतार बाकीचे पाहून घेतो. “आसाने फिरावं. वळायचं काम ज्याचं त्यानं करावं. तुमच्या या गाड्यांनी बिचाऱ्याची कंबरच दोन ठिकाणी मोडून ठेवलीय,” असे ते म्हणत. दोन ठिकाणी हे खरेच. कारण चाकाकडच्या सांध्याप्रमाणे गिअरपेटीकडेही एक सांधा असतो, जो कोनाबरोबरच आत-बाहेर सरकण्याचीही मुभा देतो, नाहीतर खड्ड्यात चाक खाली गेले की आसाची लांबी कमी पडावयाची.

मामांच्या या तक्रारीत मला थोडा अन्याय वाटत असे, आणि त्याचे कारण यांत्रिक नव्हते. आम्ही काशीचे दक्षिणी लोक निदान चारशे-साडेचारशे वर्षे दोन टोकांमधल्या सांध्याचा हाच उद्योग करीत आलो आहोत. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी काशीत बसून प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांचा विधी सांगणारा ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला, आणि सगळ्या उत्तरेने तो मानला. त्याच घराण्यातील गागाभट्ट 1674 साली रायगडावर गेले आणि शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक त्यांनी सिद्धीस नेला. बाबूराव विष्णु पराडकर 1883 साली याच नगरीत मराठी घरात जन्मले आणि 1920 साली निघालेल्या ‘आज’ या पत्राचे संपादन करताना हिंदी गद्याला वळण लावून गेले. मामा स्वतः घरात आमच्याशी कोकणस्थी मराठी बोलत, उंबरा ओलांडताच पानवाल्याशी ‘का गुरु’ म्हणून बनारसी सुरू होई, आणि कारखान्याच्या दप्तरात तिसरीच भाषा चाले. यांपैकी कोणत्याही टोकाला गती कमी पडल्याची फिर्याद मी ऐकलेली नाही. तेव्हा ज्या सांध्यावर वळणे आणि ओढणे ही दोन्ही कामे पडली त्याला ‘कंबर मोडलेला’ म्हणणे मामांच्या तोंडी तरी शोभत नव्हते. आणि एकदा धीर करून मी तसे बोललोही. मामा हसले नाहीत. “सांधा वाईट असं मी कुठं म्हणतो? त्याला उघडा पडू देऊ नये, इतकंच. ओझ्यानं तो मरत नाही. झाकण फाटलं की मरतो,” असे म्हणून ते पाने शोधावयास उठले.

17 सप्टेंबर जवळ आली होती. त्या दिवशी काशीतील प्रत्येक कारखाना, गॅरेज आणि लेथची टपरी विश्वकर्म्याच्या पूजेत दंग असते. यंत्रांना हार घातले जातात, हत्यारांना हात लावला जात नाही, आणि आधीचे व नंतरचे दिवसही तसे अर्धवटच जातात. लहरतारा भागातील माझ्या नेहमीच्या मिस्त्रीने पूजा उरकल्यावर या असे सांगितले होते. मामा म्हणाले की विश्वकर्म्याला त्याचे भक्त पुष्कळ आहेत, आपण दोघे नसलो तरी त्याचे अडणार नाही. मलदहियाच्या बाजारात आम्ही गेलो तेव्हा दुकानदाराने दोन मार्ग सांगितले: केवळ बाहेरचा सांधा व बूट घ्यावा, जुना आस साफ करून त्यावर बसवावा, किंवा दोन्ही सांधे, दोन्ही बूट आणि आतले ग्रीस यांसह तयार आस घ्यावा. जुन्या मिस्त्रींचा कल पहिल्या मार्गाकडे असे. ते याहूनही पुढे जात आणि डावीकडचा बाहेरचा सांधा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे असा अदलाबदल करीत. त्यात मोठा मुद्दा आहे. गाडी बहुतेक वेळ पुढेच जाते, त्यामुळे छर्रे खाचेची एकच बाजू झिजवितात. सांधा बाजू बदलून बसविला की झिजलेली बाजू मागे पडते आणि कोरी बाजू कामाला लागते. मामांना ही युक्ती मनापासून आवडे. पण आतल्या सांध्यातही थोडा खेळ लागत होता, म्हणून तयार आसच घ्यावा लागला. घेताना मापाची खात्री करावी लागते, कारण गिअरपेटी गाडीच्या मध्यावर नसून एका अंगाला असते आणि त्यामुळे एका बाजूचा आस आखूड व दुसऱ्या बाजूचा लांब असतो.

प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग आसाशी संबंधित नसतोच. ज्याचा दोष आहे त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी ज्यांचा काहीही दोष नाही अशा किती भागांना जागचे हलवावे लागते, याची कल्पना हाताने केल्याशिवाय येत नाही. चाक जमिनीवर टेकलेले आणि ब्रेक दाबलेला असतानाच हबच्या मध्यावरचा मोठा नट ढिला करावा लागतो. कारण तो इतका आवळलेला असतो, की गाडी वर उचलल्यावर त्याच्याशी झगडणे म्हणजे गाडीच खाली पाडणे. शिवाय तो आपोआप सुटू नये म्हणून त्याची कड ठोकून दांड्याच्या खाचेत दाबलेली असते. ती आधी छिन्नीने उचलून मोकळी करावयाची, मग पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून त्यावर भार टाकावयाचा. मामांनी वयाच्या मानाने अनावश्यक उत्साहाने त्या पाइपवर उभे राहून नट सोडविला. त्यानंतर जॅक, आणि जॅकच्या पाठोपाठ लोखंडी घोड्या. “जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही,” हा मामांचा कारखान्यातील कडक हुकूम होता, आणि घोड्या नीट बसल्या की नाहीत हे गाडीला हिसके देऊन पाहिल्याशिवाय त्यांनी मला खाली हात घालू दिला नाही. मग चाक निघाले. ब्रेकचे कॅलिपर सोडून तारेने स्प्रिंगला टांगले, कारण ते नळीवर लोंबकळू दिले तर नळी दुखावते. खालच्या आडव्या हाताला चाक धरणाऱ्या नकलशी जोडणारा बॉल जॉइंट सुटावयास सर्वांत जास्त वेळ घेतो. बोल्ट निघतो, पण वर्षानुवर्षांच्या गंजाने पकडलेली खुंटी निघत नाही. तिच्या खोबणीत तेल सोडून, थांबून, पहारीने तो हात खाली दाबीत राहावे लागते, आणि अखेर ती ‘ठक्’ करून निघते तेव्हा सबंध नकल बाहेर झुकते. हबच्या दात्यांतून आस आत ढकलताना त्याच्या टोकावर उघडा हातोडा मारावयाचा नसतो; नट दोन आटे चढवून ठेवावा आणि मध्ये लाकडाचा ठोकळा धरावा, नाहीतर आटे चेपतात. गिअरपेटीतले तेल आधीच एका घमेल्यात सोडलेले होते. आतल्या बाजूला पहारीचे टोक अडकवून नेमका एक झटका दिला की आत बसलेली बारीक कडी हार मानते आणि आस हातात येतो. म्हणजे ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता तो भाग निघण्यास क्षणाचाही अवधी लागत नाही.

नवा आस बसविणे म्हणजे हेच सारे उलट दिशेने, परंतु दोन जागी सावधपणा लागतो. गिअरपेटीच्या तोंडावर एक तेलरोधक सील असते; दात्यांची धार तिच्या ओठाला लागली तर आस नवा आणि गळती नवी असा प्रकार होतो. म्हणून आस सरळ, न टेकवता, हळूहळू आत न्यावयाचा आणि शेवटी एका दमात ढकलावयाचा, की आतली कडी आपल्या खाचेत बसल्याचे हाताला आणि कानाला एकदम कळते. मग बाहेर ओढून पाहावयाचे. दुसरे म्हणजे हबचा नट पुरता आवळण्यापूर्वी गाडीचे वजन त्या चाकावर घेऊन ती ढकलावयाची नाही. कारण चाकाच्या बेअरिंगला आवळून धरणारा तोच नट असतो. नट नवाच वापरावा, आणि गाडी जमिनीवर आल्यावर तो टॉर्क पान्याने कंपनीने ठरविलेल्या मापापर्यंत आवळून त्याची कड पुन्हा खाचेत ठोकावी. मामांनी शेवटचा ठोका स्वतः मारला. मी आक्षेप घेतला नाही.

संध्याकाळी मामांनी जुना बाहेरचा सांधा उघडला. याची काहीच आवश्यकता नव्हती. परंतु ज्याने आयुष्यभर इंजिनांचे सुटे भाग तपासले त्याला मेलेल्या भागाचा पंचनामा केल्याशिवाय झोप लागत नाही. आत ग्रीस उरलेच नव्हते. बारीक वाळू, पावसाळ्यातील रस्त्यांवर साचलेल्या पाण्याने धरलेला गंज आणि जुन्या वंगणाचे अवशेष यांचा तांबूस काळा राडा होता. रॉकेलमध्ये धुतल्यावर खाचा दिसू लागल्या. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत, तिथे बोट फिरवले तर छर्ऱ्याने खणलेले सूक्ष्म खड्डे लागत. दुसरी बाजू कारखान्यातून निघाली तशी. कडे एका ठिकाणी तडकले होते. मामांनी एक छर्रा तळहातावर घेऊन दिव्याकडे धरला आणि त्याच्या पृष्ठभागावर पडलेली पापुद्र्याएवढी खपली मला दाखविली. वळताना ‘कट’ असे जे वाजत होते ते तिथे. चाकाचे दुखणे काशीला नवे नाही: भदैनीला अस्सी घाटाजवळ लोलार्ककुंड आहे, आणि सूर्याच्या रथाचे चाक त्या जागी निखळून पडले असे लोक सांगतात. दरवर्षी भाद्रपदात तिथे स्नानाला जी अलोट गर्दी होते तिच्यापैकी किती जण त्या चाकाचा विचार करीत असतील कोणास ठाऊक. मामांनी मात्र गंभीरपणे विचारले की सूर्याचा रथ पुढून ओढला जातो, तेव्हा त्याच्या सांध्याचे झाकण कोण तपासत असेल.

पूजा झाल्यावर लहरताऱ्याच्या मिस्त्रीकडे मी मामांसह गाडी नेली ती मुद्दाम नव्हे, हवा भरावयास. त्याला हकीकत कळताच त्याने काहीही न विचारता वाकून नवा आस हाताने हलवून पाहिला, सीलच्या कडेवरून बोट फिरवून ते कोरडे आहे अशी खात्री केली, हबच्या नटाची ठोकलेली कड निरखली आणि मामांकडे पाहून पसंतीची मान डोलावली. मग तो गाडीच्या दुसऱ्या अंगाला गेला, डाव्या बाजूचा बूट दोन बोटांनी पिळला, आणि घड्यांच्या तळाशी उमटलेल्या बारीक भेगा दाखवीत म्हणाला, “इसका भी टाइम आ गया है, गुरु.” मामांनी लगेच चष्मा चढवला, भेगा तपासल्या, एकट्या बुटाचे काय घेणार ते विचारले, आणि आकडा ऐकताच घासाघीस सुरू केली.